पुण्यात एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) मीटिंग: कुठे शोधायची आणि पहिल्या दिवशी आत कसं जायचं

पौडफाटा
सोमवार, रात्री 10.50

गटारी तोंडावर आली. शाळेच्या, सोसायटीच्या, ऑफिसच्या सगळ्या ग्रुपांवर "कुठे बसायचं" सुरू झालंय. तीन वर्षांपूर्वी, गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी बाथरूमच्या फरशीवर जागा झालो. बाहेरून मुलगी दार वाजवत होती. तिला शाळेला उशीर होत होता आणि तिचा ब्रश आत होता. तिने हाक मारली नाही, नुसतं दार वाजवत राहिली. तिला त्याची सवय झाली होती. त्या रात्री मी मोबाइलवर शोधायला बसलो.

सापडल्या त्या बहुतेक जाहिराती. इतक्या दिवसांत दारू बंद, पेशंटच्या नकळत औषध, घरून गाडीत घालून घेऊन जाऊ. मला हवी होती ती माहिती अगदी साधी होती: माझ्यासारखी माणसं पुण्यात कुठे जमतात, किती वाजता, आणि आत गेल्यावर काय करतात. ती हाती लागेपर्यंत अकरा दिवस गेले आणि त्यातले नऊ दिवस मी प्यायलो. इथे कुणाचे तरी तेवढे दिवस वाचावेत म्हणून हा धागा.

आधी एक सांगतो. मी एएचा, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेचा, प्रतिनिधी नाही. तिथे कुणालाच तसं बोलता येत नाही. मी एक सभासद म्हणून माझा अनुभव लिहितोय.

शोधायचं कसं: एएचं भारतातलं जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावर आणि हेल्पलाइनवर शहराप्रमाणे ग्रुप कळतात. फोन उचलणारा माणूस बहुधा स्वतः एके काळी पिणाराच असतो, हे लक्षात ठेवा म्हणजे जीभ अडखळणार नाही. एवढंच म्हणा: "मला दारू सोडायची आहे, मी कोथरूडला राहतो, जवळ मीटिंग कुठे आहे?" पहिलं नाव सांगितलंत तरी पुरे, नाही सांगितलंत तरी चालतं. येरवड्याच्या मुक्तांगणला फोन केलात तरी वाट दाखवतील. ते एएपेक्षा वेगळं, उपचार केंद्र आहे. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 ला ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. रात्री-अपरात्री काहीच सुचलं नाही तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, 14446, पैसे पडत नाहीत.

पत्ता मिळाला की निघण्याआधी एकदा फोन करून खात्री करा. बरेच ग्रुप शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत भरतात. परीक्षा, सुट्ट्या, निवडणूक आली की खोली बदलते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गेटला कुलूप होतं. परत येताना वाइन शॉप लागलं आणि पुढचं सांगायला नको. मीटिंग मराठीत आहे, हिंदीत की इंग्रजीत, तेही विचारून घ्या. "ओपन" आहे का "क्लोज्ड", हेही विचारा. ओपन मीटिंगला घरचे, मित्र, कुणीही बसू शकतं. क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःला प्यायचं थांबवायचंय त्यांच्यासाठी.

आत काय होतं? माझी पहिली मीटिंग शाळेच्या वर्गात होती. बाक लहान मुलांचे, गुडघे खालच्या फळीला टेकत होते. फळ्यावर लसाविचं एक गणित तसंच अर्धवट राहिलं होतं. भिंतीला दोन कापडी फलक लावले होते, एकावर एएच्या बारा पायऱ्या, म्हणजे दारू सोडून राहायची वाट, दुसऱ्यावर बारा परंपरा, म्हणजे ग्रुप चालवायची तत्त्वं. वीसेक माणसं असतील. एकाने चहाच्या किटलीतून कप भरायला घेतले. माझ्यापाशी आल्यावर त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि कप अर्धाच भरला. पूर्ण भरला असता तर माझ्या पँटवर सांडला असता, हे त्याला माहीत होतं. तो काही बोलला नाही. मी प्यायलो, तो परत आला आणि पुन्हा अर्धा भरून गेला.

मग प्रार्थना, थोडं वाचन, आणि एकेक जण उठून आपलं सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, "अहो पण तुम्ही असं करायला हवं होतं" असलं काही नाही. नवीन माणसाला विचारतात, बोलायचंय का. "आज फक्त ऐकतो" म्हणालात की पुढच्याकडे जातात. शेवटी एक पिशवी फिरते. ती खोलीच्या भाड्यासाठी आणि चहासाठी. पहिल्यांदा आलेल्याने काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. फी नाही, फॉर्म नाही, हजेरी नाही. पिणं थांबवायची इच्छा, सभासद व्हायला एवढीच अट.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. एका मीटिंगवरून ठरवू नका. मला पहिली मीटिंग आवडली नव्हती. अर्ध्या चहाचं मोल मला नंतर कळलं. त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हणालो, "सगळे रिटायर्ड आहेत, माझं तिथे काय काम?" दुसऱ्या ठिकाणी सगळं इंग्रजीत चाललं होतं. मला इंग्रजी येतं, पण माझी लाज मराठीत आहे, ती तिथे बाहेर येईना. चौथ्या ठिकाणी, हडपसरला, माझ्याच वयाचा एक ड्रायव्हर उठला आणि म्हणाला, "मी पोराच्या गॅदरिंगला गेलो नाही, कारण तिथे दोन तास बसायचं होतं आणि मधे सुटायला जागा नव्हती." मी मान खाली घातली. हेच मी केलं होतं, हेच कारण होतं, आणि ते मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. तिथून मी हललो नाही. निदान सहा-सात वेगवेगळ्या मीटिंगा करा, वेगवेगळ्या भागात करा, आणि मग काय ते ठरवा.

मधे एकदा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलो, जवळजवळ आठ महिन्यांनी, धुळवडीला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलो. आता सलग दोन वर्षं चार महिने. विचारा काय विचारायचं ते.

मोगरा_७
सोमवार, रात्री 11.32

वाचनखूण साठवली. भावासाठी.

जुईली_प
मंगळवार, सकाळी 9.15

दादा, तुमचं लिखाण वाचून रात्री झोप लागली नाही. माझा नवरा हिंजवडीला आयटीत आहे. नोकरी व्यवस्थित, मारहाण नाही, शिवीगाळ नाही. रोज रात्री तीन-चार पेग. शनिवार-रविवार दुपारपासून. विषय काढला की म्हणतो, "मी काय बेवडा आहे का? हप्ता चुकलाय कधी?" तो मीटिंगला येणारच नाही. सासूबाईंनी कुणाकडून तरी एक पावडर आणली आहे, आमटीत कालवून द्यायची म्हणतात. मी अजून दिलेली नाही. त्याने स्वतःच एकदा तीन दिवस बंद केली होती, तेव्हा हात थरथरत होते आणि घामाने उशी भिजली. मग पुन्हा सुरू. काय करू?

ओपीडी
मंगळवार, दुपारी 1.40

जुईली, मी डॉक्टर आहे. धाग्याचा विषय थोडा बाजूला ठेवून दोन गोष्टी सांगतो, कारण त्या जिवाशी आहेत.

पावडर देऊ नका. अशा पावडरीत नेमकं काय असतं ते कुणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते शरीरात दारूचं विघटन अर्ध्यावर अडवतं आणि त्यावर कुणी प्यायलं की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदयाचा त्रास असेल तर माणूस दगावू शकतो. म्हणून ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच द्यायचं असतं. गुपचूप द्यायचं औषधच नाही ते. शिवाय नवऱ्याला कळलं तर घरच्या जेवणावरचा त्याचा विश्वास जाईल तो वेगळाच.

दुसरं. हात थरथरणं, घाम, ही विथड्रॉवलची, म्हणजे सवयीची दारू तुटल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाची, लक्षणं आहेत. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर साधारण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास माणूस बरळू लागतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो. तेव्हा घरी थांबायचं नाही, 108 ला फोन करून सरळ हॉस्पिटल गाठायचं. बंद करण्याआधी डॉक्टरला भेटलात तर हे सगळं गोळ्यांनी टाळता येतं, सोबत बी-वन जीवनसत्त्व देतात. ससूनच्या मानसोपचार ओपीडीत दाखवता येईल, खर्चाचा प्रश्न असेल तरी.

मीटिंग आणि औषध यांचं भांडण नाही. मी माझ्या पेशंटना दोन्हीकडे पाठवतो.

पौडफाटा
मंगळवार, दुपारी 2.05

डॉक्टर, हे माझ्या मूळ लेखात असायला हवं होतं. राहून गेलं, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. रोज पिणाऱ्यांनी आधी डॉक्टर, मग मीटिंग. किंवा दोन्ही त्याच दिवशी.

जुईलीताई, हप्त्याचं म्हणाल तर माझाही कधी चुकला नव्हता.

सावली
मंगळवार, रात्री 9.48

जुईली, तुला लिहिण्यासाठी आज लॉगिन केलं. एरवी मी नुसती वाचते.

मी माझ्या नवऱ्याच्या मागे अकरा वर्षं होते. बाटल्या मोजायच्या, पाण्याच्या टाकीमागे शोधायच्या, पगाराच्या दिवशी स्टँडवर जाऊन उभं राहायचं. ऑफिसात त्याच्या वतीने फोन करून "ताप आहे" सांगायचं. एकदा दिरांच्या सांगण्यावरून त्याला शहराबाहेरच्या एका केंद्रात टाकलं. नाव लिहीत नाही. चौघे जण आले आणि झोपेतून उचलून घेऊन गेले. दीड महिना भेटू दिलं नाही. परत आला तेव्हा त्याच्या पाठीवर वळ होते आणि तो माझ्याशी बोलत नव्हता. आठवड्यात पुन्हा प्यायला लागला आणि आता त्याच्याकडे कारणही होतं. तो निर्णय माझा होता आणि मला अजून त्याचा त्रास होतो. म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगते, कुठल्याही केंद्रात घालण्याआधी स्वतः जाऊन बघा. नोंदणी आहे का विचारा, रोजचा डॉक्टर कोण ते विचारा, भेटायला कधी देतात ते विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक आजारही येतात, पेशंटला हक्क आहेत.

मला वाचवलं ते अल-अ‍ॅनॉनने. ते दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी आहे. एएवाले नवरे मीटिंगला बसले की बायका बाहेर एकमेकींशी बोलत, त्यातून 1951 साली हे उभं राहिलं. पुण्यातही ग्रुप आहेत. मी पहिल्यांदा गेले ती वही घेऊन, नवऱ्याची दारू सोडवायचे उपाय लिहून घ्यायला. तासाभरात त्याचं नावही कुणी विचारलं नाही. एक बाई म्हणाल्या, "हे मी घडवलेलं नाही, ते आवरणं माझ्या हातात नाही आणि बरं करणंही नाही." मला राग आला. म्हटलं, मग मी इथे कशाला आले? मग त्यांनी विचारलं, "तुम्ही शेवटचं पोटभर कधी जेवलात?" मला आठवेना.

मी टाकीमागे बघणं बंद केलं. ऑफिसात खोटा फोन करणं बंद केलं. पहिल्या महिन्यात तो भडकला. पाचव्या महिन्यात त्याच्या साहेबाने त्याला लेखी दिलं आणि ते पत्र त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने घेतलं. त्यानंतर तो मुक्तांगणला स्वतःच्या पायाने गेला, 35 दिवस राहिला. तिथे बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे, मी त्यातही बसायचे. तुझा नवरा कधी जाईल ते मला सांगता येणार नाही. तुझी मीटिंग मात्र त्याच्यासाठी थांबवू नकोस. तू जा.

जुईली_प
मंगळवार, रात्री 10.20

ताई, रडू आलं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

बुद्धिप्रामाण्य
बुधवार, सकाळी 8.30

माझा प्रश्न थेट आहे. मी नास्तिक आहे. बारा पायऱ्या वाचल्या, त्यात ईश्वर वारंवार येतो. चर्चच्या खोलीत बसून प्रार्थना म्हणणं मला जमणार नाही. आणि याचा उपयोग होतो याला काही पुरावा आहे का, का नुसतेच अनुभव?

ओपीडी
बुधवार, सकाळी 9.10

पुराव्यापुरतं. 2020 साली कोक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने, 27 अभ्यास एकत्र तपासले, त्यात दहा हजारांहून जास्त लोक होते. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत एए आणि एएकडे नेणारे नियोजित उपचार, हे बाकीच्या मान्य उपचारांच्या तोडीस तोड आणि काही ठिकाणी सरस निघाले. सगळ्यांना लागू पडतं असं नाही. पण नुसतेच अनुभव आहेत, असंही म्हणता येणार नाही.

जुना_गडी
बुधवार, रात्री 11.05

बुद्धिप्रामाण्य, मला 19 वर्षं झाली दारू सोडून. देवळात मी बायकोबरोबर जातो आणि चपला सांभाळत बाहेर उभा राहतो.

पायरीत शब्द आहेत ते "आम्हाला जसा उमजला तसा ईश्वर". मला तो उमजला नाही. मी माझ्या स्पॉन्सरला तसं सांगितलं. स्पॉन्सर म्हणजे तुमच्या आधी सोडलेला माणूस, जो तुमच्या पायऱ्या करून घेतो आणि रात्री फोन उचलतो. तो म्हणाला, "देव राहू दे. या खोलीतल्या वीस जणांची अक्कल तुझ्या एकट्याच्या अकलेपेक्षा जास्त आहे, एवढं मानतोस का?" एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या एकट्याच्या अकलेने मला कुठे आणलं होतं ते मला दिसत होतं, त्यामुळे एवढं मानायला काही अडचण आली नाही. तेच धरून चालतोय. प्रार्थनेच्या वेळी मी नुसता उभा राहतो, कुणी कधी हटकलं नाही.

खोली चर्चची असते कारण चर्चवाले संध्याकाळी रिकामी खोली कमी भाड्यात देतात. एए कुठल्याही धर्माशी जोडलेलं नाही. आमच्या ग्रुपमध्ये वारकरी आहेत, मौलवींचा मुलगा आहे, एक पारशी काका होते, गेल्या वर्षी वारले. सोबर, म्हणजे दारूला न शिवता, वारले.

अनाम_सध्या
गुरुवार, रात्री 12.48

हे नाव आजच घेतलंय. मी बाई आहे, 38, शिक्षिका. घरी कुणाला माहीत नाही, म्हणजे मला वाटतं माहीत नाही. कपाटात साड्यांच्या मागे ठेवते. पुरुष प्यायला तर लोक "सुटेल" म्हणतात. बाई प्यायली तर काय म्हणतात ते मला माहीत आहे. अशा मीटिंगला बायका असतात का? आणि कुणी ओळखीचं भेटलं तर? माझ्या शाळेतले पालक सगळ्या पुण्यात आहेत.

पौडफाटा
गुरुवार, सकाळी 7.20

ताई, ओळखीच्या माणसाचं आधी सांगतो.

मी कोथरूड सोडून हडपसरला का गेलो माहितीये? कुणी ओळखू नये म्हणून. दोन बस बदलून. आत शिरलो तर समोर आमच्याच सोसायटीतले, माझ्या वरच्या मजल्यावरचे काका. ते तिथे नऊ वर्षं येत होते, तेही त्याच कारणासाठी. मला बघून त्यांनी शेजारची खुर्ची सरकवली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले. मी घामाघूम. त्यांनी विचारलं, "टँकर आला का हो?" एवढंच. आजपर्यंत सोसायटीत त्यांनी एका शब्दाने काही म्हटलेलं नाही, माझ्या बायकोसमोरही नाही. जो तिथे तुम्हाला बघतो तो स्वतःही तिथेच बसलेला असतो.

बायकांबद्दल खोटं सांगत नाही. बऱ्याच मीटिंगांत पुरुषच जास्त दिसतील. फोनवर सरळ विचारा, "बायका येतात ती मीटिंग कुठली, आणि माझ्याशी एखादी महिला सभासद बोलेल का?" सहसा नंबर देतात. ऑनलाइन मीटिंगाही आहेत, त्यात कॅमेरा बंद ठेवून बसता येतं आणि फक्त महिलांच्याही असतात. भरती होण्याची गरज पडली तर मुक्तांगणमध्ये बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे.

सावली
गुरुवार, सकाळी 7.55

अनाम, माझ्या ओळखीत एक आहेत, पाच वर्षं सोबर, दोन मुलांची आई. त्यांना विचारून तुला व्यनि करते. पहिल्या दिवशी त्या तुझ्याबरोबर येतील, मी विचारलंय असं समज.

अनाम_सध्या
गुरुवार, रात्री 10.02

आलाय व्यनि. बोलले त्यांच्याशी. चाळीस मिनिटं. साड्यांमागचं सांगितलं तर म्हणाल्या, "मी तांदळाच्या डब्यात ठेवायचे."

संपादक
गुरुवार, रात्री 10.30

कृपया कुणाचे फोन नंबर, मीटिंगचे सविस्तर पत्ते, सभासदांची नावं धाग्यात लिहू नका. दोन प्रतिसाद त्यासाठी संपादित केले आहेत. व्यनि वापरा.

कात्रज_बायपास
शुक्रवार, रात्री 9.40

धागा सोमवारपासून वाचतोय. आज गेलो होतो. सव्वासातला पोचलो. जिना चढलो. आतून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं मी चुकीच्या ठिकाणी आलोय, दारू सोडणारे लोक हसतील कशाला? पाच मिनिटं पायऱ्यांवर उभा राहिलो आणि खाली उतरलो. अमृततुल्यवर दोन चहा घेतले. आता घरी आहे. आज घेतलेली नाही. उद्याचं माहीत नाही. उद्या शनिवार आहे, मित्रांचं बसायचं ठरलंय, माझ्याच फ्लॅटवर. चखणा आणून ठेवलाय.

जुना_गडी
शुक्रवार, रात्री 9.58

बायपासराव, तुम्ही जिना चढलात ना, मग अर्धं काम झालं.

एक गोष्ट सांगतो, आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते. 1935 च्या मे महिन्यात बिल नावाचा एक न्यूयॉर्कचा शेअर दलाल अ‍ॅक्रन नावाच्या गावी हॉटेलात एकटा होता. पाच-सहा महिने दारू सुटलेली, धंद्याचं काम फसलेलं, खिसा रिकामा. लॉबीच्या एका टोकाला बार, तिथून हसण्याबोलण्याचा आवाज. त्याला कळलं की आता आपण तिकडे जाणार. तो दुसऱ्या टोकाला गेला, तिथे चर्चेसची यादी लावलेली होती. तो फोन लावत सुटला, की मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. ओळखीतून ओळख निघत एका डॉक्टरचं नाव मिळालं, बॉब, शल्यविशारद, रोज पिणारा. डॉक्टर पंधरा मिनिटं देतो म्हणून आला आणि सहा तास बसला. डॉक्टरने शेवटचा घोट घेतला तो 10 जूनला. तीच एएची सुरुवात धरतात. बिलला त्या दिवशी डॉक्टरला सुधारायचं नव्हतं. स्वतः प्यायचं टाळायचं होतं, म्हणून त्याला दुसरा पिणारा हवा होता.

तुम्हीही आज इथे लिहिलंत ते त्याच फोनसारखं आहे. आता चखणा आधी घराबाहेर काढा, आत्ता, वॉचमनला देऊन या. आणि मित्रांना सांगा, उद्या फ्लॅट नाही. कारण द्यायची गरज नाही.

कात्रज_बायपास
शुक्रवार, रात्री 10.25

दिला वॉचमनला. ग्रुपवर "उद्या नाही जमत" टाकलं. अकरा मेसेज आलेत, बघितले नाहीत.

जुना_गडी
शुक्रवार, रात्री 10.31

शाबास. आता पोटभर जेवा. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपैकी दोन एकत्र आले की पाय वाइन शॉपकडे वळतात. जेवणाने निदान एक तरी कमी होतो. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, फोन प्यायच्या आधी करायचा. प्यायल्यावर केलात तरी उचलू, पण आधी केलात तर उपयोग जास्त.

बुद्धिप्रामाण्य
शुक्रवार, रात्री 11.10

बायपास, मीही उद्या जायचं ठरवलंय. प्रार्थनेच्या वेळी नुसता उभा राहीन. हसण्याचं मलाही खटकलं असतं, पण जुना गडींचा मौलवींचा मुलगा आणि वारकरी एका खोलीत बघायचे आहेत मला.

कात्रज_बायपास
शनिवार, सकाळी 8.12

रात्रभर झोप नाही, पण घेतली नाही. हात थोडे थरथरतायत.

ओपीडी
शनिवार, सकाळी 8.20

बायपास, रोज घेत होतात का? किती? कधीपासून? उलट्या, घाम, आधी कधी फिट आली होती का? तुमच्याजवळ आत्ता कोण आहे? व्यनि करा, लगेच. मी ऑनलाइन आहे.

कात्रज_बायपास
शनिवार, सकाळी 11.45

डॉक्टरांशी बोललो. आठवड्यात तीन-चार वेळा, रोज नाही. त्यांनी तरी जाऊन दाखवायला लावलं. बहीण आली होती, तिच्याबरोबर गेलो. गोळ्या दिल्यात, थरथर कमी आहे. बहिणीला पहिल्यांदाच सांगितलं. ती म्हणाली, "मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं रे."

पौडफाटा दादा, संध्याकाळी पुन्हा त्याच जिन्याशी जातोय. पण एकटा वर जाईन असं वाटत नाही.

पौडफाटा
शनिवार, दुपारी 12.10

कुठला जिना ते व्यनित कळव. सातला खाली उभा असतो. पाऊस आहे, माझी छत्री हिरवी आहे, एक काडी मोडलेली. वर गेल्यावर चहा मी घेऊन येईन, तू बस.

कात्रज_बायपास
शनिवार, दुपारी 12.14

कप अर्धाच भरा.